बांगडीला केंद्र नसतं

मी हायस्कूलला भूमिती शिकवायची असं कळलं, की माणसं विचारतात, "म्हणजे तुम्ही बीएस्सी?" मी म्हणते, "नाही हो, शिवण." मग समोरचा माणूस चहाच्या कपात बघायला लागतो. त्याला वाटतं, वय झालं, बाई दोन गोष्टी एकत्र करतायत.

पण झालं होतं तसंच. जुन्या नाशकातली मुलींची शाळा आणि मी तिथली शिवणाची बाई. झबली, परकर, ब्लाउज, काज-बटण, एवढं माझं राज्य. सत्तरीचं दशक नुकतंच लागलेलं. दिवाळीच्या सुट्टीत आमचे भूमितीचे सर बँकेत लागले. ते परत आलेच नाहीत, पेढे मात्र आले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एक पेढा तोंडात टाकला, शिक्षकांच्या खोलीत सगळीकडे नजर फिरवली आणि ती नेमकी माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही कापडावर रोज वर्तुळं काढता ना हो?"

"गळ्याची काढते, बाई."

"मग तीच फळ्यावर काढा. नवे सर येईपर्यंतच."

नवे सर येणार, येणार म्हणता म्हणता मी निवृत्त झाले. नंतर आले असतील तर मला ठाऊक नाही.

आता गंमत अशी, की मी स्वतः शाळेत भूमिती केलेलीच नव्हती. आमच्या वेळी मुलींना तिच्याऐवजी दुसरा विषय घेता यायचा, आणि वडीलमंडळी तो घ्यायलाच लावायची. त्यामुळं मी मुलींचं पुस्तक घरी आणलं आणि स्वयंपाकघरात ओट्यावर उघडून ठेवलं. पोळ्या लाटायच्या आणि प्रमेयं म्हणायची. आमचे हे ताटावर बसले की म्हणायचे, "आज पोळी लांबट झालीय." मी म्हणायचे, "आज लंबवर्तुळ आहे. उद्या वर्तुळ करीन." ते बिचारे पुस्तकात लंबवर्तुळ कुठं आहे ते शोधत बसायचे. ते त्या पुस्तकात नव्हतंच!

ज्यांची शाळा सुटून जमाना झाला त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वर्तुळाच्या कडेचा एखादा तुकडा घेतला की तो झाला कंस. त्या कंसाच्या दोन्ही टोकांकडं तुम्ही वर्तुळाच्या मध्यात, म्हणजे केंद्रात, उभं राहून हात पसरलेत, की एक कोन होतो. आता केंद्रातून निघा आणि समोरच्या कडेवर जाऊन उभे राहा. त्याच दोन टोकांकडं हात करा. कोन बरोब्बर निम्मा होतो. आणि खरी जादू पुढंच आहे. त्या समोरच्या कडेवर तुम्ही इकडं सरका, तिकडं सरका, तुमचा कोन बदलत नाही. माझा तर पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता. चारदा काढून पाहिलं. पोळी करपली त्या दिवशी.

हे मुलींना फळ्यावर पटेना, म्हणून मी त्यांना मैदानावर नेलं. खेळाच्या सरांची फक्की मागून घेतली आणि मोठं वर्तुळ आखलं. दोन मुली कडेवर उभ्या केल्या, त्यांच्या हातात शिवणाच्या रिळांची टोकं दिली. तिसरीनं दोन्ही रिळं धरून समोरच्या कडेवरून चालायचं, आणि चौथीनं पुठ्ठ्याचा कापलेला कोन तिच्या हातातल्या दोऱ्यांमध्ये बसतो का बघत मागून जायचं. चालणारी मुलगी होती मोठी खट्याळ. कडेशेजारीच पेरूवाली बसायची. ही तिथं थांबली, पेरू घेतला, मीठ लावून घेतलं आणि ओरडली, "बाई, इथंही तेवढाच आहे हो! पेरू खाल्ला तरी तेवढाच!" त्या वर्षी त्या प्रमेयाला शाळेत सगळ्या पेरूचं प्रमेय म्हणायच्या. एका मुलीनं सहामाहीच्या पेपरात तसं लिहिलंसुद्धा. मी पूर्ण गुण दिले.

पण मैदान रोज कुठलं मिळायला! वर्गात वहीवर वर्तुळ काढायचं तर कंपास पाहिजे. मुलींच्या कंपासपेट्या मी उघडून बघायची. आत चिंचेचं बुटुक, केसांचे आकडे, टिकल्यांचं पाकीट, सुकलेलं चाफ्याचं फूल. कंपास सोडून सगळं. पहिल्याच आठवड्यात कंटाळून मी माझ्या हातातली काचेची बांगडी उतरवली, वहीवर ठेवली आणि आतून पेन्सिल फिरवली. झालं वर्तुळ! त्या दिवसापासून वर्गात तीच रीत पडली. तास सुरू झाला की आधी बांगड्या उतरवायचा किणकिणाट, मग भूमिती. शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर म्हणायचे, "बाई, तुमच्या तासाला मला कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटतं."

बांगडीत एक फार चांगली गोष्ट होती. बारीक मनगटाच्या मुलीचं वर्तुळ लहान, भरल्या हाताचीचं मोठं, आणि प्रमेय दोघींचंही तेच यायचं. कोनाला वर्तुळाच्या आकाराशी काही देणंघेणं नसतं, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही. आणि बांगडी फुटली तर? तर एक तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं, आणि दुसरं म्हणजे तुकडे टाकायचे नाहीत. लहान तुकडा लघुकंस, मोठा तुकडा विशालकंस. भद्रकालीतला कासार माझ्यासाठी फुटक्या काचांची पुडी बाजूला ठेवायचा. फुटक्या बांगड्या मागून नेणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मी दिसले की म्हणायचा, "या बाई, आज लाल माल चांगला आलाय."

असं माझं छान चाललेलं असताना वर्गात सुजाता आली.

हे ऐंशीच्या पुढचं. सुजाता सातपूरहून बसनं यायची. वडील तिथल्या एका कारखान्यात कामाला, आई दवाखान्यात आया. मुलगी हाडकुळी, दोन घट्ट वेण्या, हातात बांगडी म्हणून नाही. आवाज होतो म्हणून आवडायची नाही. तिच्या कंपासपेटीत मात्र खरोखरीचा कंपास होता. आणि तोंडात एकच शब्द. "पण का?"

एकदा मी फळ्याजवळच्या मुलीच्या वहीवर बांगडीनं वर्तुळ काढून दिलं आणि मध्ये ठिपका दिला. "हे केंद्र."

मागून आवाज आला, "बाई, ते केंद्र नाही."

"का गं?"

"तुम्ही नजरेनं दिलंय."

"अगं, माझी नजर शिवणाची आहे. सुताचा फरक पडत नाही."

"मग परवा मी कोन नजरेनं काढला तर माझी वही का परत दिलीत?"

वर्ग असा हसला म्हणता! मलाही हसू आलं. बांगडीला केंद्र नसतंच हो. कंपासनं वर्तुळ काढलं की टोचणीचं भोक मध्ये आयतं मिळतं. बांगडीच्या मध्ये नुसती हवा. इतकी वर्षं मी ठिपके देत आले आणि मुली घेत आल्या.

एक म्हणाली, "कापून घडी घालू या." दुसरी म्हणाली, "आणि मग वही कुणाची फाडायची? तुझी?" सुजाता मात्र पेन्सिल चावत होती. मग म्हणाली, "बाई, काल तुम्ही शिकवलंत, व्यासाच्या टोकांवर दोरे धरले की कडेवरचा कोन काटकोन येतो."

"हो. अर्धवर्तुळातला कोन."

"मग उलटं चालेल? काटकोनच आधी कडेवर ठेवला तर समोर व्यास मिळेल?"

माझ्या हातात आधीच्या तासाचा ब्लाउजचा नमुना होता, वर्तमानपत्राचा कापलेला. त्याचा एक कोपरा अजून शाबूत होता. मी म्हटलं, "धर. ठेव." तिनं कागदाचा कोपरा बरोबर वर्तुळाच्या कडेवर टेकवला. कागदाच्या दोन्ही बाजूंनी कड जिथं कापली तिथं खुणा केल्या आणि रेघ ओढली. हा एक व्यास. कागद फिरवून दुसरीकडं टेकवला, दुसरा व्यास. दोन रेघा एकमेकींना जिथं छेदून गेल्या तिथं तिनं पेन्सिलीचं टोक ठेवलं. माझा ठिपका शेजारीच होता. सुतापेक्षा बराच लांब!

"सापडलं!" मुली ओरडल्या, कुणाच्या कानातलं हरवलेलं सापडावं तशा. मी माझा ठिपका खोडरबरानं पुसून टाकला. त्यानंतर शाळेत असा नियम झाला, की बांगडीनं वर्तुळ काढायचं आणि कागदाच्या कोपऱ्यानं केंद्र शोधायचं. काम वाढलं, पण मुलींना त्याचंच वेड लागलं. वाटीचं केंद्र काढ, पावडरच्या डबीच्या झाकणाचं काढ. एकीनं घरी आजोबांच्या चष्म्याच्या काचेचं काढलं, पेन्सिलीनं, काचेवरच. आजोबा शाळेत आले होते.

दहावीचं वर्ष लागलं आणि एका दुपारी सुजाताची आई, यमुनाबाई, शिवणाच्या तासाला दारात येऊन उभी राहिली. निफाडकडची बाई, बोलायला खणखणीत.

"बाई, तुमच्याकडं तक्रार घेऊन आलीय. तुमचीच."

"बसा तरी."

"बसते. पोरगी म्हणते, आयटीआयला जाते. मी म्हटलं जा, बरंच हाय. तिथं पोरींना शिवण-कटाई शिकवत्यात. तर म्हणते, ते नाय, मी ड्राफ्ट्समन होणार, कारखान्याचे नकाशे काढणार. अवो, नावातच मॅन हाय त्याच्या! तिच्या बापानं कारखान्यातनं यंत्राचा एक खराब झालेला निळा नकाशा आणला होता, फळीवर अंथरायला. ही त्याच्यावरचे डबे काढून तो वाचीत बसती. म्हणती, आई, ह्या गोलाचं केंद्र बघ. मला लय काम पडलंय, मी कशाला केंद्र बघू?"

"मग माझी तक्रार काय?"

"तुम्ही शिवणाच्या बाई. तुम्हीच तिला सांगायचं, की बाई गं, शिवणात भाकरी हाय. तर तुम्हीच तिला हे गोल शिकवलेत."

खरं सांगते, मी पेचात पडले. माझी भाकरी शिवणाचीच. त्याला नावं ठेवणार कशी? पण त्या मुलीनं कागद फिरवून दुसरा व्यास काढलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हटलं, "यमुनाबाई, सुजाताचं काज बघितलंत कधी?"

"नाय."

"बघा मग." मी कपाटातून तिचा नमुना काढून दाखवला. दोरा कुठून निघाला आणि कुठं गेला, तिचं तिला ठाऊक. यमुनाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. "आई गं! हे काज हाय का उंदरानं खाल्लंय?"

शेवटी सौदा ठरला. गणितात पहिल्या वर्गाचे गुण पडले तर ड्राफ्ट्समन. एक जरी कमी पडला तर शिवण, आणि मग ते काज सुधारायचं काम माझं. सुजाताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, मी भूमितीच सुधारते. ते सोपं आहे."

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. पूर्वपरीक्षेचे पेपर आम्ही बाहेरच्या एका सरांना तपासायला दिले होते. त्यांनी शेरा पाठवला, "आपल्या विद्यार्थिनींच्या वर्तुळांना मध्ये भोक नसते." मोठ्या बाई घाबरल्या. बोर्डाला कॉपीचा संशय आला तर? त्यांचा हुकूम निघाला, की बोर्डाच्या परीक्षेला एकही बांगडी हातात दिसता कामा नये, प्रत्येकीनं कंपास न्यायचा. हुकूम बजावायला कोण? मीच.

भूमितीच्या पेपरच्या सकाळी शालिमारजवळच्या परीक्षा केंद्राच्या फाटकावर मी शिवणाची पिशवी घेऊन उभी राहिले. "चला, उतरवा." एकेकीच्या हातातून बांगड्या काढल्या, नाव लिहून दोऱ्यात बांधल्या, पिशवीत टाकल्या. सुजाताजवळ उतरवायला काहीच नव्हतं. तिनं कंपासपेटी वाजवून दाखवली आणि आत गेली. घंटा झाली.

यमुनाबाई रजा टाकून आल्या होत्या. आम्ही दोघी फाटकासमोर लिंबाखाली बसलो. त्यांनी माहेरची द्राक्षं आणली होती. ती खात बसलो, मध्ये माझी पिशवी किणकिणत होती. थोड्या वेळानं एक बाई थांबली आणि म्हणाली, "हिरव्या दाखवा हो, कशा दिल्या?"

"विकायच्या नाहीत त्या."

"मग रस्त्यावर घेऊन कशाला बसलात?"

यमुनाबाई म्हणाल्या, "अवो, त्यांना दुकान मिळंना. भूमितीच्या बाई हायेत त्या." ती बाई माझ्याकडं बघत बघत गेली. दोनदा मागं वळली.

दोघी हसलो. यमुनाबाई द्राक्षाचा देठ नुसताच बोटांत फिरवत होत्या. एकदम म्हणाल्या, "बाई, तुमच्यासमोर बोलते. मला काय वाटतंय, ते मलाच कळंना. नाय जमलं तर माझ्या मनासारखं व्हईल. पण ती तोंड पाडून बाहेर आली तर मला बघवायचं नाय."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

घंटा झाली, मुली बाहेर पडल्या आणि माझ्याभोवती बांगड्यांसाठी झुंबड उडाली. सुजाता सगळ्यांत शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय गं?" यमुनाबाईंनीच विचारलं.

"कंपास मोडला."

"कसा गं?" मी विचारलं.

"पेन्सिलीचा स्क्रू निघाला आणि बाकाखाली गेला, सापडलाच नाही. शेजारणीकडून काही घ्यायचं नाही. आणि प्रमेयाची आकृती काढायची होती. बाई, मी सगळ्या वर्गात नजर फिरवली, एकीच्याही हातात बांगडी नाही!"

मी पिशवीकडं पाहिलं. अख्ख्या वर्गाच्या बांगड्या मी बाहेर घेऊन बसले होते, द्राक्षं खात.

"मग?"

"मग मी उभी राहिले आणि पर्यवेक्षक बाईंना म्हटलं, बाई, तुमची बांगडी द्याल?"

"आई गं! परक्या सवाष्ण बाईला?" यमुनाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"त्या म्हणाल्या, काय? मी म्हटलं, वर्तुळ काढायचंय, कंपास मोडला. त्या म्हणाल्या, नियमात बसतं का? मी म्हटलं, बाई, नियमात विद्यार्थिनीकडून घ्यायचं नाही असं आहे. तुम्ही कुठं विद्यार्थिनी आहात? मग त्यांना हसू आलं. काचेच्या निघेचनात. मग त्यांनी पाटली काढली."

"सोन्याची?"

"सोन्याची. आणि मग पेपर संपेपर्यंत माझ्या बाकाशेजारीच उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत. मी रेघ ओढली की त्या पाटलीकडं बघायच्या."

"पण केंद्र?" मी विचारलं. "केंद्र नजरेनं दिलंस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "प्रश्नपत्रिकेला कोपरे असतात ना, बाई. दोन काटकोन ठेवले, दोन व्यास काढले. रेघा पुसल्या नाहीत. खाली लिहिलं, केंद्र असे शोधले. का ते पण लिहिलं."

निकाल लागेपर्यंत मी सगळ्या देवांना आणि सगळ्या परीक्षकांना विनवलं. परीक्षकानं त्या रेघा बघून काय केलं असेल, देव जाणे. पण गुण पडले. पहिल्या वर्गाचे पडले आणि वर उरले. सुजाताचे वडील पेढे घेऊन घरी आले. एरवी फार न बोलणारा माणूस. "जयभीम, बाई," म्हणाले, "त्या निळ्या नकाशाला आता मी चौकट करून घेतली." यमुनाबाई मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "मारू द्या आता रेघोट्या. काज मात्र तिच्या सासूनंच बघावं."

निवृत्तीच्या कागदावर माझ्या नावापुढं "शिवण शिक्षिका" असंच आलं. बरोबरच आहे म्हणा, माझी नेमणूक तीच. थोडं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुजातासारखं "पण का?" विचारणाऱ्या आणखी काही होत्या. त्यांच्या आया माझ्याकडं तक्रार घेऊन आल्याच नाहीत. आल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

निवृत्तीच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. आयटीआयचं पहिलं वर्ष झाल्यावर सुजाता शाळेत आली. माझा नववीचा तास चालू होता. काखेत गुंडाळी केलेला ड्रॉईंगचा कागद, हातात लांब चपटी पेटी. पेटी उघडली तर आत मखमलीवर चकचकीत कंपास. मुली बाकावर चढून बघायला लागल्या. मी म्हटलं, "ये, तूच शिकव आज. आमच्याकडं मखमलीतला कंपास प्रथमच आलाय."

तिनं पहिल्या बाकावरच्या मुलीची वही घेतली. कंपास हातात धरला, टोक टेकवलं आणि थांबली. कंपास परत मखमलीत ठेवला.

"बाई, तुमची बांगडी द्या ना."

"अगं, एवढा छान कंपास असताना?"

"ह्यानं काढलं की केंद्र आयतं मिळतं. ह्यांना आधी शोधू देत."

मी बांगडी उतरवून बाकावर ठेवली. मुली बघायला एवढ्या पुढं झुकल्या, की कुणाचा तरी कोपर लागला आणि बांगडी बाकावरून शहाबादी फरशीवर पडली. एक लहानसा तुकडा भिंतीपाशी, मोठा सुजाताच्या पायाशी.

"वाढली, बाई," सुजाता हळूच म्हणाली.

"वाढू दे," मी म्हटलं. "दोन्ही उचल. आता कंसापासून सुरू कर."